नव्या हाताची चूक

विद्याधर खांबेटे मिरजेहून चेन्नईला आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि संरक्षण कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा साठ. मधल्या सदतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून लाखो सुटे भाग गेले. केसाएवढी खोट असली तरी ती आपल्या नजरेतून सुटत नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. खात्यात अपघात झाला की चौकशीसाठी त्यांचं नाव ठरलेलं. मशीन बघायचं, माणसाला चार प्रश्न विचारायचे आणि अहवालाच्या तळाशी लिहायचं, मानवी चूक. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं असे.

अण्णा नगरच्या फ्लॅटमध्येही तपासणी चालूच होती. पत्नी प्रमोदिनीबाईंनी वाळत घातलेले कपडे, भरलेली वीजबिलं, मुलाची प्रगतिपुस्तकं, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं आणि कुठे ना कुठे खोट निघायची. नाही निघाली तर ते गप्प बसत. त्या घरात शाबासकी म्हणून जे काही होतं ते हे गप्प बसणं.

मुलगा एकुलता एक, संकेत. डिप्लोमा करून तो गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागला होता. सहा वर्षं नीट गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी एका दुपारी पत्रा कापणारा प्रेस खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळातून गेली. करंगळी वाचली, पण वाकेनाशी झाली.

प्रेसच्या बाजूला एक लाल स्विच असतो. अडकलेला तुकडा काढायला आत हात घालायचा तर आधी तो स्विच बंद करायचा, असा नियम. संकेतचं म्हणणं होतं की त्याने तो बंद केला होता आणि तरीही प्रेस खाली आला. कंपनीचं म्हणणं, तो बंद करायला विसरला. अपघातानंतरच्या धावपळीत दहा जणांनी दहा बटणं दाबलेली, तेव्हा स्विच मुळात कसा होता हे सांगणारं कोणीच उरलं नव्हतं. राहता राहिला संकेतचा शब्द. तो शब्दावर ठाम राहिला तर सरकारी निरीक्षक येऊन प्रेस खोलून बघणार होता. कंपनीला ते नको होतं. चूक माझी होती असं लिहून दे, स्टोअर्समध्ये बसून करायचं काम देतो, असा निरोप दोनदा आला. संकेतने दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं.

विद्याधरांनी हॉस्पिटलमध्येच त्याला विचारलं होतं, नीट आठव, स्विच खरंच बंद केला होतास का. संकेतने तोंड भिंतीकडे फिरवलं. बापाने विचारलेला पहिला प्रश्न तो होता. दुखतंय का, हे नंतर.

जखमा भरल्यावर हाताचे व्यायाम सुरू झाले. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की रबरी चेंडू दाबून भागणार नाही, बारीक काम कर, अंगठा आणि तर्जनी यांच्याकडून चिमटीतलं काम करून घे. संकेतने फोनवर कुठेतरी कुलपं खोलून पुन्हा भरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले आणि सरावाची दोन पितळी कुलपं मागवली.

त्या कुलपाची रचना साधी. आत एक फिरणारा गाभा, गाभ्याला पाच भोकं. प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्या डोक्यावर दुसरी, आणि तिच्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की खालच्या पाच पिना नेमक्या हव्या तेवढ्या उचलल्या जातात आणि गाभा फिरतो. एखादी पिन केसभर लांब किंवा आखूड पडली तर फिरत नाही. छंद असा की सगळं काढायचं, पिनांचा क्रम बदलायचा, तो क्रम जुळेल अशी किल्ली कानशीने घासायची आणि ते कुलूप दुसऱ्या छंदिष्टाच्या हाती उघडायला द्यायचं.

नव्या माणसाने ज्या चुका करायच्या त्या सगळ्या संकेतने केल्या. पहिल्याच दिवशी त्याने गाभा सरळ ओढून काढला. खरं तर किल्ली आधी जराशी फिरवून घ्यायची असते, आणि गाभा बाहेर येत असताना मागून त्याच जाडीची एक दांडी आत सरकवत न्यायची असते, म्हणजे वरच्या पिना जागच्या जागी राहतात. ते त्याला माहीत नव्हतं. स्प्रिंगा टोळासारख्या उडाल्या. एक प्रमोदिनीबाईंना तुरीच्या डाळीत सापडली. दुसऱ्या वेळी त्याने गाभा अर्धा फिरवून ओढला आणि पिना भलत्याच भोकांत जाऊन बसल्या. तिसऱ्या वेळी शिंक आली आणि खालच्या पाचही पिना एकमेकींत मिसळल्या. मग त्याने आईची छोट्या इडल्यांची ताटली मागून घेतली. एका खळग्यात एका भोकाचा ऐवज. एकदा पिनेचं टोकदार तोंड वर झालं. एकदा मागची क्लिप लावायची राहिली आणि किल्लीबरोबर अख्खा गाभा हातात आला.

प्रत्येक चूक तो वहीत लिहायचा. तारीख, काय झालं, का झालं. तर्जनी आणि अंगठ्यात पेन धरून लिहिलेली वाकडी अक्षरं. विद्याधर ती वही रोज वाचत. अक्षरावर बोलत, शुद्धलेखनावर बोलत, आणि जेवताना प्रमोदिनीबाईंना सांगत की आज चिरंजीवांनी पिन उलटी घातली. शेजारी आले की त्यांनाही सांगत. यात आपण काही वाईट करतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. खोट दाखवल्याशिवाय माल सुधारत नाही.

तीन महिन्यांनी वहीतल्या नोंदी विरळ झाल्या. मग तीन आठवडे एकही नोंद नव्हती.

मैलापुरात शहाजीराव नावाचे एक गृहस्थ राहतात. घराणं मूळ तंजावरकडचं, तिथल्या जुन्या मराठी वस्तीतलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कुलपांचा नाद लावून घेतला होता. महिन्यातून एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी सहा-सात जण जमत. संकेतची आणि त्यांची ओळख फोनवर झाली. एकाने मिरजेची मराठी बोलायची, ती पण अर्धी तमिळ मिसळून, आणि दुसऱ्याने दोनशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे पहिले काही दिवस दोघांनाही एकमेकांचं बोलणं वाचावं तसं सावकाश ऐकावं लागायचं. शहाजीरावांनी त्याला सांगितलं की आपण भरलेलें एक कुलूप घेऊन या.

संकेत आठ दिवस त्या कुलपावर बसला. शनिवारी संध्याकाळी त्याने ते विद्याधरांच्या हातात दिलं. त्यांनी किल्ली घातली आणि फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. त्यांनी पुन्हा फिरवली, कानाशी धरून फिरवली, सावकाश, मग झटकन. दहा वेळा तरी फिरवली असेल. काही निघालं नाही. ते गप्प बसले.

संकेत हसला. अपघातानंतर घरात तो पहिल्यांदा हसला असावा. प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याही हसल्या. विद्याधरांना मात्र त्या हसण्याने आत कुठेतरी कुसळ गेल्यासारखं झालं. रात्रभर ते राहिलं. तीन बोटांच्या मुलाने केलेल्या कामात सदतीस वर्षांच्या नजरेला काही सापडू नये, हे त्यांना पटत नव्हतं.

रविवारी सकाळी नऊला संकेत खाली केस कापायला गेला. मैलापूरला जायचं म्हणून नीटनेटकं व्हायचं होतं. कुलूप जेवणाच्या टेबलावर, शेजारी इडलीची ताटली, चिमटा, दांडी. विद्याधर येऊन बसले. आतून कसं भरलंय तेवढं बघायचं आणि होतं तसं ठेवायचं, एवढाच त्यांचा विचार होता. हे काम त्यांनी पन्नास वेळा पाहिलं होतं.

त्यांनी किल्ली घातली. मागची क्लिप सफाईने काढली. आणि गाभा सरळ ओढला.

दांडी टेबलावरच होती. तिची गरज आपल्याला पडेल असं त्यांना वाटलं नाही, आणि किल्ली आधी जराशी फिरवायची हे तर त्यांच्या लक्षातच आलं नाही. गाभा निम्मा बाहेर येतो तोच आत टिकटिक झालं, काहीतरी अडकलं. त्यांनी जोर लावला. गाभा निघाला आणि स्प्रिंगा उडाल्या. एक त्यांच्या चष्म्यावर आपटली. तिला धरायला म्हणून त्यांनी हात उचलला तर गाभा कलंडला, किल्ली सटकली आणि खालच्या पाचही पिना त्यांच्या तळहातावर येऊन पडल्या. सगळ्या पितळी, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. कुठली कुठली, हे त्यांना सांगता येईना.

मापायला व्हर्निअर होता, पण तो माळ्यावरच्या पेटीत. त्यांनी आधी जमिनीवर गुडघे टेकले. टेबलाखाली, खुर्चीखाली, फ्रिजखाली हात घालून चार स्प्रिंगा मिळाल्या. पाचवी मिळेना. घड्याळात साडेनऊ झाले होते. संकेत करायचा तसं त्यांनी दांडीवर तोलून वरचा ऐवज भरला, तिसऱ्या भोकात स्प्रिंगेवाचूनच पिन टाकली, खालच्या पिना अंदाजाने घातल्या, गाभा रेटला, क्लिप लावली. किल्ली आत गेली. फिरली नाही.

जिन्यावर पावलं वाजली. त्यांनी कुलूप रुमालाने पुसून होतं तिथे ठेवलं आणि पेपर उघडला.

संकेत आत आला. मानेवर बारीक केस होते, ते आई झटकायला लागली तर त्याने तिचे हात धरले आणि तिला गमतीने गरकन फिरवलं. वाक्य विद्याधरांच्या ओठांवर तयार होतं. अरे, मी ते उघडलं आणि घोळ झाला. सात-आठ शब्द. संकेत रागावला असता, मग हसला असता, मैलापूरला फोन करून पुढच्या महिन्यात येतो म्हणाला असता. जेवताना त्याने आईला सांगितलं असतं की आज बाबांनी गाभा सरळ ओढला. शेजाऱ्यांनाही सांगितलं असतं. विद्याधरांनी पेपरचं पान उलटलं.

संकेतने कुलूप फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. किल्ली फिरवून बघितली नाही. आदल्या दिवशी त्याने ती शंभरदा फिरवली होती.

बाबा, तुम्ही पण चला, असं तोच म्हणाला. नाही म्हणायला काही कारण सापडेना म्हणून ते गेले.

शहाजीरावांचं घर देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. त्यांच्या पत्नी सरोजाबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. तिथली रीत अशी की ज्याचं कुलूप त्याने आधी स्वतःच्या किल्लीने सगळ्यांदेखत उघडून दाखवायचं, मग ते इतरांनी तारांनी उघडायचा प्रयत्न करायचा. दोघा-तिघांचं झालं आणि संकेतची पाळी आली. त्याने फडकं सोडलं. आपला हात तो एरवी खिशात ठेवायचा. त्या दिवशी त्याने तो टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला होता.

किल्ली आत गेली. फिरली नाही.

त्याने ती काढली, पुसली, पुन्हा घातली. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबली. काल उघडत होतं, असं तो आधी तमिळमध्ये म्हणाला, मग मराठीत, मग कोणालाच उद्देशून नाही असं. कोणी हसलं नाही. शहाजीरावांनी त्याला विचारून कुलूप जवळ घेतलं, किल्लीची आशा सोडून दोन तारांनी ते हळूहळू वळवलं आणि दांडी लावून गाभा बाहेर काढला. मग भिंग डोळ्याला लावून एकेक भोक बघत गेले. दुसरी आणि चौथी पिन अदलाबदल झालेली. पहिली उलटी. तिसऱ्या भोकात स्प्रिंग नाही.

“मी घातली होती,” संकेत म्हणाला. “पाचही घातल्या होत्या.”

“नव्या हाताची चूक ही,” शहाजीराव सांभाळून घेत म्हणाले. “सर्वांस होत्ये. माझें पहिलें कुलूप तर मीच अडकवून विहिरींत टाकलें.”

सगळे हसले, गोष्ट तिथेच संपली असती. पण संकेतचे डोळे भिंगाखालच्या पिनांवर होते आणि ओठ हलत होते. तो आदल्या दिवशीचं एकेक पाऊल आठवत होता. आता हा आपल्याकडे बघेल, कुलूप घरी टेबलावर होतं हे याला आठवेल, असं विद्याधरांना वाटलं. त्याने बघण्याआधी काहीतरी बोलायला हवं होतं.

“त्याला वाटतं आपण केलं,” ते म्हणाले. “तसं मनापासून वाटतं त्याला. त्या प्रेसच्या स्विचचंही असंच झालं.”

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते किती चपखल बसलं याचं आश्चर्य वाटलं. संकेतने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणी अंधारात दिवा लावावा आणि समोर नको ते दिसावं, तसा तो बघत होता. त्याने हात टेबलावरून उचलला आणि खिशात घातला.

घरी आल्यावर तो दोन तास पाचवी स्प्रिंग शोधत होता. कुलूप भरताना ती राहून गेली असली तर ताटलीत, ताटलीत नसली तर टेबलावर, डब्यात, शर्टाच्या खिशात. विद्याधर सोफ्यावर बसून त्याला शोधताना बघत होते. मिळाली नाही. रात्रीच्या जेवणाला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी विद्याधरांनी सवयीने वही उघडली. तारखेखाली लिहिलं होतं, ‘कुलूप शनिवारी उघडलं असं मला वाटलं. उघडलं नसावं. बाबांच्या हातातही उघडलं होतं असं आठवतं, पण तेही खात्रीने सांगता येत नाही.’

पुढची पानं कोरी राहिली. व्यायामाला जाणं त्याने बंद केलं.

बुधवारी दुपारी शहाजीरावांचा फोन आला. संकेत झोपला होता, विद्याधरांनी घेतला. शहाजीरावांनी आधी प्रकृती विचारली, मग म्हणाले की ते कुलूप अजून त्यांच्याकडेच आहे आणि त्यांच्या मनातून जात नाही. गाभ्याच्या पाठीवर ताजे ओरखडे आहेत. न फिरवतां, दांडी न लावतां कोणी ओढला की असेच पडतात. ही चूक माणूस आयुष्यांत एकदां करतो, पहिल्या दिवशीं. तुमच्या मुलानें ती केव्हांच केली आहे, मला त्यानें सांगितली होती.

“तें कुलूप घरीं दुसऱ्या कोणी उघडलें होतें काय?”

“नाही,” विद्याधर म्हणाले. “आमच्याकडे कोण उघडणार?”

पलीकडे कुलूप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग शहाजीराव म्हणाले, सरी, बरें, तर मग माझें चुकलें असेल. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

त्याच शुक्रवारी संकेतने कंपनीला कळवलं की तो लिहून द्यायला तयार आहे.

हे त्याने आईला सांगितलं तेव्हा विद्याधर तिथेच होते. तो शांतपणे बोलत होता. पाच महिने मी सगळ्यांना खोटं पाडत आलो, म्हणाला. स्विच बंद केल्याचं मला लख्ख आठवतं. बोटाला लागलेला त्याचा गारवा आठवतो. पण ती स्प्रिंग घातल्याचंही मला तसंच लख्ख आठवतं. प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्या आत गेल्या.

सोमवारी बापलेक गुम्मिडिपूंडीला गेले. कंपनीच्या अधिकाऱ्याने पंखा त्यांच्या दिशेने वळवला, ताक मागवलं, आणि कागद पुढे केला. इंग्रजीत एक, तमिळमध्ये एक. मी स्विच बंद करण्यास विसरलो, यंत्रात दोष नव्हता, माझी तक्रार मी मागे घेत आहे. भिंतीपलीकडून प्रेसचे दणके ऐकू येत होते आणि प्रत्येक दणक्याला संकेतचा खांदा बारीकसा आखडत होता. त्याने दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. पेन उचललं आणि ठेवलं.

“बाबा,” तो म्हणाला, “मी विसरलो असेन ना?”

अधिकाऱ्याला मराठी कळत नव्हती. तिथे त्या क्षणी बाप आणि मुलगा दोघेच होते म्हटलं तरी चालेल. सदतीस वर्षांत अशा खुर्चीवर बसलेल्या किती जणांना विद्याधरांनी हेच विचारलं होतं, त्याची गणती नव्हती. त्यांतला एक जण, मारुती नावाचा वेल्डर, उत्तर न देता नुसता त्यांच्या बुटांकडे बघत राहिला होता, तो त्यांना आत्ता का आठवावा कळेना. मुलगा खरं सांगत होता. पाच महिने सांगत होता. हे त्यांना त्या रविवारपासून ठाऊक होतं, कारण जो हात ते कुलूप इतकं नेमकं भरू शकतो त्या हाताचा शब्दही तेवढाच नेमका असणार. पण आता खरं बोलायचं तर ते कुलपापासून सुरू करावं लागणार होतं.

“असशील,” ते म्हणाले.

संकेतने सही केली. पेन अंगठा आणि तर्जनीत धरून, सावकाश. साक्षीदार म्हणून खाली विद्याधरांची सही लागली. त्यांची सही सुरेख होती, पहिल्यापासून.

परतीच्या गाडीत संकेत डोळे मिटून बसला होता. घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. तो खोलीत गेल्यावर विद्याधर स्वयंपाकघरात आले. प्रमोदिनीबाई कोथिंबीर निवडत होत्या. ते म्हणाले, मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे, आधी तुला सांगतो.

“फ्रिजखाली हात घालून तुम्ही काय शोधत होतात ते मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. “मी या दारातच उभी होते.”

विद्याधरांनी स्टूल ओढून घेतलं. मग का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या की त्या बोलल्या असत्या तर विद्याधरांनी त्यांनाच खोटं पाडलं असतं, जसं बत्तीस वर्षं पाडत आले, आणि संकेतने बापाचंच खरं मानलं असतं. पाचवी स्प्रिंग त्यांना गेल्या सोमवारीच केर काढताना मिळाली होती. चिमटीत धरून त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या आणि मग केरात टाकली. आपल्याला वाटलं होतं, त्या म्हणाल्या, निदान गुम्मिडिपूंडीला तरी हा माणूस तोंड उघडेल. मुलाची सही होऊ देणार नाही. मी सकाळपासून देवापाशी बसून होते.

“आत्ता सांगतो,” विद्याधर उठत म्हणाले. “अजून कागद मागे घेता येईल.”

“बसा.”

बत्तीस वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. ते बसले.

त्या म्हणाल्या, त्याने सही केली, तुम्ही शेजारी बसून होकार दिलात, साक्षीदार म्हणून खाली नाव घातलंत. आता जाऊन सांगाल की मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही मोकळे व्हाल. त्याचं काय होईल? बोटं गेली ती एका मशीनने नेली. स्वतःवरचा विश्वास कोणी नेला म्हणून त्याने समजायचं? आज त्याला वाटतंय की आपण एक चूक केली आणि बाप आपल्याबरोबर गाडीत बसून आला. तेवढं राहू दे त्याच्याकडे.

त्या सुनावत नव्हत्या, ठरवत होत्या. विद्याधरांना ते पटलं की केवळ सोयीचं वाटलं, हे त्यांना पुढेही कधी कळलं नाही. ते स्टुलावर बसून राहिले आणि प्रमोदिनीबाईंनी कोथिंबीर धुवायला घेतली.

पुढच्या महिन्यात संकेत स्टोअर्समध्ये रुजू झाला. काम बसून होतं, माणसं बरी होती. कुलपं, चिमटा, दांडी असं सगळं त्याने एका खोक्यात भरून शहाजीरावांकडे पाठवून दिलं. इडलीची ताटली आईला परत केली.

त्याला एक नवी सवय लागली. फॉर्म भरला की तो विद्याधरांकडे आणायचा. गॅस बंद केला की त्यांना बोलावून दाखवायचा. फोनवर कोणाशी काय ठरलं ते त्यांना सांगायचा आणि मी बरोबर ऐकलं असेन ना, असं विचारायचा. लहानपणी तो तपासणीला नाखुशीने उभा राहायचा, आता आपण होऊन येत होता, दिवसातून दहा वेळा, आणि त्यांनी पाहून होईपर्यंत जागचा हलत नसे. विद्याधर प्रत्येक गोष्ट नीट बघत. खोट कधीच नसे. संकेतने केलेलं सगळं बरोबर असे, लहानपणीही बहुधा असावं.

एके दिवशी सकाळी कंपनीची बस यायच्या वेळेला तो तयार होऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिला. शर्टाची बटणं त्याची त्याने लावली होती. उरलेल्या बोटांनी त्याला ते चांगलं जमायचं.

“बाबा, जरा बघता का? वरखाली तर नाही झाली?”

विद्याधरांनी पेपर खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण पाहिलं. बरोबर आहे, म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

तो डबा घेऊन निघाला. दार लागलं, जिन्यावर पावलं वाजली, एका मजल्याइतकी खाली गेली आणि थांबली. मग पुन्हा वर येऊ लागली. प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून बाहेर पाहिलं नाही. दार उघडलं, संकेत पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि विद्याधरांनी गळ्याजवळच्या बटणापासून पुन्हा बघायला सुरुवात केली.